तिसरा बिंदू : नांगराच्या जोडणीचा इतिहास

१९१७ साली ब्रिटन पहिल्या महायुद्धात पुरता अडकलेला होता. जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजे बुडवत होत्या. शेतावरची माणसे आणि घोडे आघाडीवर गेले होते. देशाला खायला घालायचे तर पडीक जमिनी नांगराखाली आणणे भाग होते. ब्रिटिश सरकारने अमेरिकेतील हेन्री फोर्ड यांच्याकडे सहा हजार ट्रॅक्टरांची मागणी नोंदवली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये ‘फोर्डसन’ या ट्रॅक्टरचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन सुरू झाले. सुमारे सव्वा टन वजनाचा हा ट्रॅक्टर स्वस्त होता, आटोपशीर होता. १९२८ पर्यंत अमेरिकेत असे सात लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले.

पण या ट्रॅक्टरला एक वाईट खोड होती. मागे साखळीने ओढला जाणारा नांगर एखाद्या दगडात किंवा झाडाच्या मुळात अडकला, की त्याची पुढची चाके जमिनीवरून उचलली जात आणि तो मागच्या मागे चालकाच्या अंगावर उलटत असे. यात अनेक चालकांनी प्राण गमावले. पुढे उत्पादकांनी मागचे चिखलरोधक पत्रे लांब केले, ते उलटणारा ट्रॅक्टर त्या पत्र्यांवर टेकून थांबावा म्हणून.

बैलगाडीत मागच्या बाजूला ओझे जास्त झाले, की ‘गाडी उलाळली’ असे आपण म्हणतो. दांडी वर जाते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. गाडीवान मग ओझे थोडे पुढे सरकवतो. फोर्डसनचे दुखणेही उलाळण्याचेच होते. पण इथे गाडीत कोणतेच ओझे नव्हते! मग तो उलाळत होता कशाने? आणि त्यावर उपाय काय?

बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे ट्रॅक्टर अधिक जड करणे. आयर्लंडमधील एका मेकॅनिकने मात्र वेगळे उत्तर दिले. वजन वाढवू नका, जोडणी बदला, असे त्याचे म्हणणे होते. आज जगातील जवळजवळ प्रत्येक शेती-ट्रॅक्टरच्या पाठीमागे दिसणारी तीन बिंदूंची जोडणी हे ते उत्तर होय.

ट्रॅक्टर का उलाळतो?

आधी थोडे गणित करू. समजा, एका ट्रॅक्टरचे वजन १२०० किलोग्रॅम आहे. पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर १.८ मीटर आहे. ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ०.६ मीटर पुढे आणि जमिनीपासून ०.७ मीटर उंचीवर आहे. तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवर १२०० × ०.६ ÷ १.८ म्हणजे ४०० किलो भार येईल. उरलेले ८०० किलो मागच्या चाकांवर.

आता मागून ४५० किलोच्या जोराने काहीतरी ओढायचे आहे. हा ओढ ट्रॅक्टरला ज्या ठिकाणी लागतो, त्या ठिकाणाची उंची फार महत्त्वाची. मागची चाके जमिनीला टेकतात तो बिंदू टेकू समजा. बल आणि टेकूपासून त्याचे लंब अंतर यांच्या गुणाकाराला परिबल म्हणतात. हूक जमिनीपासून ०.४ मीटर उंचीवर असेल, तर मागे फिरवणारे परिबल ४५० × ०.४ = १८०. ते १.८ ने भागले की पुढच्या चाकांवरून १०० किलो भार कमी झाला. ३०० उरले. काळजीचे कारण नाही.

पण तीच साखळी जर एक मीटर उंचीवर बांधली, तर ४५० × १ ÷ १.८ = २५० किलो भार कमी होईल. पुढे उरतील १५० किलो.

आता हाच ट्रॅक्टर १५ अंशांच्या चढावर न्या. चढावर गुरुत्वमध्यातून जाणारी लंबरेषा मागच्या चाकांकडे सरकते. नुसत्या चढामुळेच पुढच्या चाकांवरचा भार ४०० वरून सुमारे २६६ किलोवर येतो. खालच्या हुकाने ओढले तर १६६ उरतात. एक मीटर उंचीवरून ओढले तर उरतात फक्त १६! मग एक लहानसा धक्काही पुरे होतो.

ही झाली स्थिर स्थितीतली गोष्ट. नांगर अडकतो तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. इंजिन चाकांना पुढे फिरवते, तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे ट्रॅक्टरच्या धडावर तितकेच परिबल उलट्या दिशेने लागते. चाके घसरून फिरू लागली, तर संकट टळते. पण चाकांची पकड घट्ट असेल आणि नांगर हलतच नसेल, तर चाके जागीच राहतात आणि धड मागच्या आसाभोवती वर फिरू लागते. परत न येण्याच्या स्थितीला पोचायला पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. एवढ्या वेळात क्लच दाबणे बहुतेकांना जमत नाही.

बेलफास्टचा मेकॅनिक

हॅरी फर्ग्युसन यांचा जन्म १८८४ साली उत्तर आयर्लंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतकामाचा त्यांना कंटाळा होता. ते बेलफास्टला भावाच्या गॅरेजमध्ये काम करू लागले. ३१ डिसेंबर १९०९ रोजी त्यांनी स्वतः बांधलेले विमान उडवले. आयर्लंडमधले ते पहिले विमानोड्डाण. पुढे त्यांनी मोटारी व ट्रॅक्टर विकण्याचा व्यवसाय सुरू केला.

१९१७ साली आयर्लंडच्या शेती खात्याने त्यांच्यावर एक काम सोपवले. देशातील ट्रॅक्टर नीट चालतात का, ते पाहायचे आणि शेतकऱ्यांना मार्गदर्शन करायचे. विली सँड्स या आपल्या कुशल सहकाऱ्याला घेऊन ते गावोगाव हिंडले. ट्रॅक्टर आणि नांगर ही दोन स्वतंत्र यंत्रे एका साखळीने नुसती अडकवलेली आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. साखळीचा मूळ हेतू घोड्याला नांगर ओढता यावा हा होता. घोड्याच्या जागी यंत्र आले, तरी साखळी तीच राहिली.

त्याच वर्षी त्यांनी फोर्डच्या मोटारीपासून बनवलेल्या ‘ईरॉस’ या ट्रॅक्टरसाठी एक हलका नांगर तयार केला. त्याचा जोड ट्रॅक्टरच्या पोटाखाली, मागच्या आसाच्या पुढे होता. त्यामुळे नांगराच्या ओढीने पुढची चाके उचलली न जाता खालीच दाबली जात. नांगराला स्वतःची चाके नव्हती. चालक बसल्या जागेवरून तरफेने तो उचलू शके.

नंतर त्यांनी फोर्डसनसाठी एकावर एक अशा दोन दांड्यांची जोडणी बनवली. १९२५ साली अमेरिकेतील शर्मन बंधूंबरोबर त्यांनी असे नांगर तयार करण्याची कंपनी काढली. पण १९२८ साली फोर्ड यांनी अमेरिकेत फोर्डसनचे उत्पादन बंद केले आणि ज्या ट्रॅक्टरसाठी नांगर बनवायचा तोच नाहीसा झाला.

हूक आणि हात

या दोन दांड्यांत नेमके काय होते? वर्गात हे समजावून देण्याचा एक सोपा मार्ग आहे. एका विद्यार्थ्याला दोरीच्या टोकाला पट्टी बांधून ओढायला सांगा. दोरी पट्टीला ओढते, पण पट्टीने आडवे राहावे की उभे, यावर दोरीचा काहीच ताबा नसतो. आता पट्टी मुठीत घट्ट धरायला सांगा. मूठ पट्टीला ओढू शकते आणि वर-खाली वळवूही शकते. हूक, साखळी किंवा गोळा आणि खोबण अशा एका बिंदूच्या जोडातून बल जाते, परिबल जात नाही. परिबल पोचवायचे तर जोडाला एकमेकांपासून दूर असलेले किमान दोन बिंदू हवेत.

फर्ग्युसन यांच्या अंतिम रचनेत तीन बिंदू आहेत. खाली डावीकडे व उजवीकडे एकेक दांडी, आणि वर मधोमध तिसरी. खालच्या दोन दांड्या नांगराला ओढतात. माती फाळाला मागे रेटते. फाळ या दांड्यांच्या जोडापेक्षा खाली असल्याने नांगराचा वरचा भाग पुढे कलंडू पाहतो. तिथे असते ती वरची दांडी, म्हणजे आपले शेतकरी जिला ‘टॉप लिंक’ म्हणतात ती. ती दाबली जाते आणि ट्रॅक्टरच्या धडाला पुढे ढकलते. नांगरावर जितका जोर येईल, तितक्याच जोराने ती ट्रॅक्टरचे नाक खाली धरून ठेवते. जो जोर आधी ट्रॅक्टरला उलटवत होता, तोच आता त्याला उलटण्यापासून वाचवू लागला.

शिवाय नांगराचे वजन आणि त्याला खाली खेचणारा मातीचा जोर मागच्या चाकांवर येतो. चाकांची पकड वाढते. काम जड तेव्हा पकड जास्त, आणि काम संपल्यावर ट्रॅक्टर पुन्हा हलका. कायमचे लोखंड वाहून नेण्याची गरज राहत नाही.

चढउताराचा प्रश्न

पण परिबल पोचवणाऱ्या प्रत्येक जोडणीला एक किंमत मोजावी लागते. दोरीने ओढलेली वस्तू जमिनीच्या चढउताराप्रमाणे आपोआप वर-खाली होते. घट्ट जोडलेली वस्तू होत नाही. ट्रॅक्टरची पुढची चाके उंचवट्यावर चढली, की मागचा नांगर जमिनीत खोल घुसे. ती खळग्यात उतरली, की नांगर मातीबाहेर येई. नांगराला खोली राखणारे चाक लावावे, तर सगळा भार त्या चाकावर जाई आणि ट्रॅक्टरची पकड कमी होई.

यावर फर्ग्युसन, सँड्स आणि आर्ची ग्रिअर यांनी बरीच वर्षे खर्च केली. त्यांना सापडलेले उत्तर असे. वरच्या दांडीवर येणारा दाब हाच मातीच्या विरोधाचा मापक आहे. मग त्या दांडीच्या मुळाशी एक स्प्रिंग ठेवावी. नांगर खोल गेला, की विरोध वाढतो, स्प्रिंग दाबली जाते, तिला जोडलेली झडप उघडते आणि तेलाच्या दाबावर चालणारा पंप नांगर थोडा वर उचलतो. विरोध कमी झाला, की नांगर पुन्हा खाली येतो. चालकाला काहीच करावे लागत नाही. परिणामावरून कारणाला आवर घालण्याच्या या पद्धतीला आज आपण प्रत्याभरण म्हणतो. या कल्पनेचे पेटंट १९२० च्या दशकाच्या मध्यावर घेतले गेले. पेटंटवर नाव फर्ग्युसन यांचे असले, तरी प्रत्यक्ष यंत्र घडवण्यात सँड्स यांचा वाटा फार मोठा होता, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे.

१९३३ साली ही सगळी रचना असलेला नमुना तयार झाला. त्याच्या रंगावरून ‘काळा ट्रॅक्टर’ या नावाने तो ओळखला जातो. १९३६ पासून इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्राऊन यांच्या कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले.

वळण घेताना

वळणावरही साखळीचा नांगर त्रास देई. शेताच्या कडेला ट्रॅक्टर आणि मागचा नांगर असे लांबलचक प्रकरण वळवायला बरीच जागा सोडावी लागे. तेवढी जमीन बिननांगरलेली राही. फर्ग्युसन यांच्या जोडणीत तरफ ओढली की नांगर उचलला जाई आणि ट्रॅक्टर जवळजवळ जागच्या जागी वळे. दोरीने आखलेल्या लहानशा चौकात शिरून, तो कोपऱ्यांसकट नांगरून बाहेर पडायचे, असे प्रात्यक्षिक ते लोकांना दाखवत.

यात भूमितीचीही एक गंमत आहे. खालच्या दोन दांड्या समांतर नसतात. ट्रॅक्टरकडे जाताना त्या एकमेकींजवळ येतात. त्या कल्पनेने पुढे वाढवल्या, तर ट्रॅक्टरच्या पुढच्या भागात एका बिंदूत मिळतात. नांगर जणू त्या बिंदूला बांधलेला असावा, तसा वागतो. त्यामुळे हलक्या वळणावर तो ट्रॅक्टरच्या मागोमाग सरळ येतो. पुढे प्रत्यक्षात काहीही बांधलेले नसते!

हस्तांदोलन आणि खटला

१९३८ च्या ऑक्टोबरमध्ये फर्ग्युसन आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या डिअरबॉर्न येथील निवासस्थानी गेले. तिथल्या शेतात प्रात्यक्षिक झाले. फोर्ड खूश झाले आणि दोघांनी हस्तांदोलन करून करार केला. ट्रॅक्टर फोर्ड बनवणार, जोडणी व विक्री फर्ग्युसन यांची. कागद नाही, सही नाही. जून १९३९ मध्ये ‘फोर्ड-फर्ग्युसन ९ एन’ हा ट्रॅक्टर ५८५ डॉलर किमतीला बाजारात आला. १९४७ पर्यंत या मालिकेचे तीन लाखांवर ट्रॅक्टर तयार झाले.

मग कारभार फोर्ड यांच्या नातवाकडे गेला. या व्यवहारात कंपनीला तोटा होत होता. १९४६ च्या अखेरीस त्यांनी करार मोडल्याचे जाहीर केले, आणि १९४७ साली कंपनीने तीच जोडणी असलेला आपला स्वतंत्र ट्रॅक्टर आणला. फर्ग्युसन यांनी १९४८ साली खटला भरला. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. मागितलेल्या रकमेचा तो लहानसा भाग होता.

तोपर्यंत फर्ग्युसन यांचा ‘टीई २०’ हा राखाडी ट्रॅक्टर इंग्लंडमधील कव्हेंट्री येथे तयार होऊ लागला होता. १९४६ ते १९५६ या काळात असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनले. १९५३ साली त्यांची कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली. आपल्याकडे खेडोपाडी दिसणाऱ्या ‘मॅसी’ ट्रॅक्टरचे नाव तिथून आले. १९६० साली मद्रास येथे स्थापन झालेल्या ‘टॅफे’ या कंपनीने तो भारतात आणला. फर्ग्युसन यांचे निधनही त्याच वर्षी झाले. पेटंटांची मुदत संपली आणि तीन बिंदूंची जोडणी सगळ्यांची झाली. आज तिच्या मापांना आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यामुळे एका कंपनीचा नांगर दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला बसतो.

तीच कल्पना, उलट दिशेने

अमेरिकेत सहलीसाठी मोटारीमागे राहण्याची गाडी, म्हणजे कॅराव्हॅन, जोडून नेण्याची पद्धत आहे. इथे प्रश्न थोडा वेगळा. कॅराव्हॅनच्या दांडीचा भार मोटारीच्या अगदी शेपटावर येतो. त्याचा परिणाम वर्गात करून पाहा. एक मीटरची पट्टी २० आणि ८० सेंटिमीटरच्या खुणांखाली दोन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यांवर टेकवा. मधोमध एक जाड पुस्तक ठेवून काट्यांवरचे आकडे लिहून घ्या. मग शून्याच्या टोकाला ३०० ग्रॅमचे वजन टांगा. जवळच्या काट्यावर किती वाढ होईल? विद्यार्थी ३०० म्हणतील. प्रत्यक्षात ती ४०० ग्रॅम असते आणि दूरच्या काट्यावर १०० ग्रॅम घट होते. मोटारीतही असेच घडते. मागची चाके दबतात, पुढची हलकी होतात. दिशा तर पुढच्या चाकांनीच द्यायची असते! त्यांची पकड कमी झाली, की गाडी नीट वळत नाही आणि ब्रेकही कमी लागतो.

यासाठी भार वाटून देणारी जोडणी वापरतात. मोटारीच्या जोडापासून दोन पोलादी लवचीक पट्ट्या कॅराव्हॅनच्या दांडीखालून मागे जातात आणि त्यांची टोके साखळीने वर ताणून बांधतात. ढकलगाडीचे हात मागून वर उचलले की तिचे नाक खाली दबते, तसेच इथे होते. भाराचा काही हिस्सा मोटारीच्या पुढच्या चाकांवर आणि काही कॅराव्हॅनच्या चाकांवर जातो. गोळ्याच्या जोडाला या पट्ट्यांनी परिबल पोचवण्याची शक्ती दिली.

अर्थात किंमतही तीच. मोटार घराच्या चढाच्या वाटेवर चढू लागते आणि कॅराव्हॅन अजून सपाट रस्त्यावर असते, तेव्हा दोघींमध्ये खळगा तयार होतो. पट्ट्यांची टोके खाली जातात, साखळ्यांवरचा ताण खूप वाढतो. मोटारीचे शेपूट उचलले जाऊन मागची चाके घसरू शकतात, जोडाचे भाग वाकू शकतात. उंचवट्यावर याच्या उलट होते. साखळ्या सैल पडतात आणि भार पुन्हा शेपटावर येतो. वळणावर पट्ट्या कॅराव्हॅनबरोबर फिरतात, त्यामुळे त्यांचे परिबल मोटारीच्या लांबीच्या दिशेत पूर्ण लागत नाही. ६० अंश वळल्यावर ते निम्मेच उरते, बाकीचे मोटारीला एका बाजूला कलवते. वळण सावकाश घेतले तर यात सहसा बिघडत नाही. पण तीव्र चढाच्या वाटेत शिरण्यापूर्वी पट्ट्या सैल कराव्या लागतात आणि रस्त्यावर येताना पुन्हा ताणाव्या लागतात. फर्ग्युसन यांच्या रचनेत हेच काम तेलाचा पंप आणि झडप आपोआप करत होते.

आपल्या रस्त्यावर

जोडणी कितीही चांगली असली, तरी ती वापरली नाही तर उपयोग काय? ऊसतोडीच्या हंगामात चढावर पुढची चाके उचललेला ट्रॅक्टर कोल्हापूर-सांगलीकडच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेला असतो. ट्रॉली हुकाला जोडलेली असते, म्हणजे टॉप लिंकचे संरक्षण तिथे नसते. वरून चढ, आणि दुचाकी ट्रॉली असेल तर दांडीचा भारही मागेच. अडकलेले वाहन किंवा झाडाचे खोड ओढताना काही जण साखळी टॉप लिंकच्या जागी किंवा मागच्या आसाला बांधतात. वरचे गणित पुन्हा एकदा पाहिले, की यात जीव का जातो ते कळेल. ओढायचे ते नेहमी खालच्या हुकानेच, हा नियम त्या गणितातून येतो. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती मजबूत सांगाडा सक्तीचा केला. ट्रॅक्टर उलटला तरी माणूस चिरडू नये, हा त्यामागचा हेतू.

शक्य असेल तर विद्यार्थ्यांना घेऊन एखाद्या शेतकऱ्याकडे उभा असलेला, इंजिन बंद केलेला ट्रॅक्टर पाहायला जा. नांगर जमिनीवर टेकवलेला असू द्या. तीन दांड्या, वरच्या दांडीच्या मुळाशी असलेली स्प्रिंग आणि खाली असलेला हूक दाखवा. काही ट्रॅक्टरांत स्प्रिंगचे काम खालच्या दांड्या करतात, तेही शोधायला सांगा. मग टेप घेऊन दोन आसांमधले अंतर, हुकाची उंची आणि टॉप लिंकची उंची मोजायला लावा. ४५० किलोच्या ओढीचे गणित त्या ट्रॅक्टरसाठी विद्यार्थ्यांनीच करू द्या. उत्तर घरी जाऊन वडिलांना, काकांना सांगायलाही सांगा. ट्रॅक्टर चालवणारे तेच असतात.